हत्तींना कुठली आली सीमा?

बेळगावात सीमेचा विषय निघाला की घरोघरी चर्चा रंगते. हत्तींना मात्र सीमा ठाऊकच नाही. कर्नाटकातल्या दांडेलीच्या जंगलाकडून निघालेले हत्ती २००२ मध्ये दोडामार्ग तालुक्यात उतरले. तेव्हापासून तिळारी खोऱ्यात, चंदगड-आजऱ्याकडे त्यांचा वावर आहे.

माझं आजोळ तिळारीजवळ. मामाच्या बागेतले माड एका रात्रीत आडवे झाले. भरपाई मिळते, पण नवा माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. मामेभाऊ विचारतो, "दादा, परत लावू, की गोव्यात नोकरी बघू?"

मी सॉफ्टवेअरवाला. हत्ती जवळ आल्याचा इशारा मोबाईलवर पाठवता येतो. त्यानं माणसाचा जीव वाचेल, माड नाही. हत्तीला दिवसाला दीडेकशे किलो चारा लागतो. जंगल तुटलं की तो केळी-पोफळीत शिरणारच. फटाके लावून इथून हाकलला, तर पलीकडे कुणाच्यातरी बागेत जाईल.

म्हणून कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांनी एकत्र बसून जंगलाचे पट्टे जोडलेले ठेवायला हवेत. मामेभावानं माड लावायचे की नाही, हे त्यावरच ठरेल.