मांजरीला अंघोळ घालण्यापूर्वी

आमच्या चिंगीला मी एकदा फिनेलच्या पाण्याने अंघोळ घातली होती. हे लिहितानाही हात थबकतो. पण माझी चूक दुसऱ्या घरात होऊ नये, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

ही गोष्ट २००९ सालची. आम्ही तेव्हा परळला चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी आणि पाणी सकाळचे दोन तास. हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. धाकटी मुलगी सहावीत होती. तिनेच पावसात भिजलेले मांजरीचे पिल्लू दप्तराआड लपवून घरी आणले. मी ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, उंदीर तरी कमी होतील." चिंगी राहिली आणि वर्षभरात घरातलीच एक झाली.

मला स्वच्छतेचे भारी वेड. ते उगाच नव्हते. "यांच्या घरात वास येतो," हे शब्द मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकले आहेत. म्हणून लग्न होऊन आल्यापासून माझ्या फरशीकडे कुणी बोट दाखवू नये, एवढे मी पाहत आले.

त्या दिवशी ह्यांच्या वर्कशॉपमधले दोघे सहकुटुंब रात्री जेवायला येणार होते. नेमकी सकाळी चिंगी गटाराकडून चिखल माखून आली. अंगात पिसवाही झाल्या होत्या. मला वाटले, ज्याने फरशी स्वच्छ होते त्याने मांजर का होणार नाही? बादलीत झाकणभर फिनेल ओतले आणि तिला मोरीत धरून खसाखसा धुतले. तिने माझा हात ओरबाडला. मी तशीच धुवत राहिले.

सुटल्याबरोबर ती पलंगाखाली गेली आणि अंग चाटत बसली. दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. अंग थरथरत होते, मागचे पाय लटपटत होते. मुलगी शाळेतून आली आणि रडत म्हणाली, "आई, तू काय केलंस गं तिला?" मला उत्तर देता आले नाही. बाजाराच्या पिशवीत चिंगीला घेतले आणि आम्ही दोघी परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलकडे धावलो.

डॉक्टरांनी आधी तिला कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुन्हा धुवायला लावले. अंगावरचे फिनेल निघणे महत्त्वाचे होते. मग सलाईन लावले. ते म्हणाले, "बाई, मांजर दिवसभर अंग चाटते. तुम्ही तिच्या अंगावर जे लावाल, ते तिच्या पोटात जाणार. आणि फिनेलसारखे औषध पचवून बाहेर टाकायची ताकद तिच्या यकृतात फार कमी असते."

चिंगी वाचली. दोन रात्री मी तिच्याजवळ बसून काढल्या. मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाहुण्यांना त्या रात्री नुसता पिठलं-भात मिळाला. कुणी नाक मुरडले नाही. उलट दोघी बायका जाताना पलंगाखाली वाकून मांजरीला पाहून गेल्या. ज्यांच्यासाठी मी हा खटाटोप केला, त्यांना त्याची गरजच नव्हती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. निरोगी मांजरीला सहसा अंघोळ लागतच नाही. तिच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच पदार्थाचे. तीच तिची फणी. एरवी ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते. मांजर अंग चाटायचे सोडून देते, तेव्हा ती आजारी असू शकते. अशा वेळी अंघोळ नको, डॉक्टर हवा. लहान पिल्लांनाही धुऊ नये, ती लगेच गारठतात.

पण कधी कधी धुवावेच लागते. पुढच्याच वर्षी चिंगी गाडीखाली बसून पाठीला काळे ग्रीस लावून आली. ते चाटू देणे म्हणजे पुन्हा विषच. या वेळी मी घाई केली नाही. रॉकेलला हात लावला नाही. ग्रीसवर थोडे गोडेतेल चोळून ते सैल केले आणि फडक्याने पुसले. टबात चार बोटे कोमट पाणी घेतले, तान्ह्या बाळाचे पाणी पाहतो तसे कोपर बुडवून पाहिले. पाय घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट टाकले. मुलीने तिला धरले, मी मानेपासून खाली तांब्याने हळूहळू पाणी सोडले. डोक्यावर ओतले नाही, कानात जाऊ दिले नाही. तोंड नुसते फडक्याने पुसले. बाळाचा सौम्य शॅम्पू थोडासा लावला आणि तो पूर्ण निघेपर्यंत तीनदा स्वच्छ पाण्याने धुतले. मग जुन्या टॉवेलात गुंडाळून उबेत बसवले. चिंगी ओरडली खूप, पण या वेळी ओरबाडले नाही.

पिसवांसाठी बारीक दातांची फणी फिरवावी आणि तिचे अंथरूण कडक पाण्यात धुऊन उन्हात टाकावे. कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजरीला कधीही लावू नये. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजरीच्या जिवावर बेतते. औषध लागलेच तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच आणावे. आणि मांजर चावली किंवा ओरबाडली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचे विचारावे. हळद-चुना लावून बसू नये. मी तेव्हा तसेच केले होते, ती माझी दुसरी चूक.

चिंगी त्यानंतर बरीच वर्षे आमच्याकडे होती. फरशी मी तशीच पुसत राहिले, फिनेलनेच. पण पुसण्याआधी चिंगीला बाहेर गॅलरीत ठेवायचे आणि फरशी पुरती वाळल्याशिवाय दार उघडायचे नाही, हा घरचा नियम झाला. ओल्या फरशीवरचे फिनेल पायाला लागते आणि मांजर पाय चाटते. दाराबाहेर ती ओरडत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "थांब गं बाई, वाळू दे." आणि फरशी वाळेपर्यंत मी थांबायचे.