‘कॅट पीपल’ : झाकलेली वासना, उघडी वासना

‘कॅट पीपल’ हा भयपट आरकेओ या अमेरिकी चित्रसंस्थेने १९४२ साली काढला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तुर्नर. नायिका इरेना ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी सर्बियन चित्रकार. प्रणयाचा आवेग चढला की आपण बिबट्या होऊ, ही भीती तिच्या मनात इतकी खोल रुतलेली की लग्न झाल्यावरही ती नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. त्या काळी हॉलिवूडवर हेज संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या नियमांचा, अंमल होता. शय्यागृहातले काही दाखवणे शक्य नव्हते. पैसाही बेताचाच होता. तुर्नरने या दोन्ही अडचणी कामाला लावल्या. रात्री सुनसान रस्त्याने चाललेल्या ॲलिसच्या, म्हणजे इरेनाच्या नवऱ्याच्या सहकारिणीच्या, मागे टाचांचा आवाज येत राहतो, मग अचानक बंद होतो. ती घाईने चालू लागते, आणि फिस्कारत समोर येऊन थांबते ती एक बस. जलतरण तलावाच्या प्रसंगात भिंतींवर हलणाऱ्या सावल्या आणि गुरगुर, एवढेच आहे. जनावर जवळजवळ दिसतच नाही. ते प्रेक्षकच आपल्या मनात उभे करतो. इरेनाची दडपलेली इच्छाही त्याला तशीच, न सांगता कळते.

चाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, पॉल श्रेडरने हीच कथा न्यू ऑर्लीन्समध्ये नेली. हेज संहिता १९६८ सालीच गेली होती. आता नस्तास्या किन्स्कीची इरेना खरोखरच बिबट्याच्या वंशातली आहे. माणसाशी संग झाला की तिचे रूपांतर होणार आणि पुन्हा माणूस व्हायचे तर कुणाचा तरी जीव घ्यावा लागणार. आपल्याच रक्ताच्या नात्यात हा शाप लागत नाही, म्हणून सख्खा भाऊ तिच्या मागे लागतो. नग्नता आहे, रक्तपात आहे, जॉर्जिओ मोरोडरचे सिंथेसायझरचे संगीत आहे. श्रेडर कडक कॅल्व्हिनपंथी घरात वाढलेला. देहसुख आणि पाप यांची जी गाठ या चित्रपटात दिसते, तिच्याशी त्या संस्कारांचा संबंध नाही असे म्हणवत नाही.

भयाच्या बाबतीत मात्र नवा चित्रपट मागे पडतो. तलावाचा प्रसंग त्यातही आहे; पण शापाचे नियम एकदा स्पष्ट सांगितले, कातडी फाटून जनावर बाहेर येताना दाखवले, की ‘हे खरे की इरेनाचा भ्रम?’ हा प्रश्न उरत नाही. आणि जुन्या चित्रपटाचा जीव त्या प्रश्नातच होता.

शेवट मात्र श्रेडरचा स्वतःचा आहे. जुनी इरेना प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यापाशी मरते. नवी इरेना प्रियकराकडे शेवटचा संग मागते; तो तिला पलंगाला बांधतो, आणि पुढे पिंजऱ्यातल्या काळ्या बिबट्याला आपल्या हाताने भरवतो. इथे वासना भय दाखवण्याचे निमित्त राहत नाही, तिचे दुःख होते. तुर्नरची नक्कल म्हणून हा चित्रपट दुबळा आहे. एका अशक्य प्रेमाची कथा म्हणून तो पाहण्याजोगा आहे.