झऱ्याचं नाव

तेराव्याच्या रात्री बाबांनी विचारलं, "आईच्या माहेरच्या त्या झऱ्याला काय म्हणायचे रे? तुला सांगायची ना ती?" आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात. साठच्या दशकात धरण भरलं आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं. विचारावं असं आता कुणीच उरलं नव्हतं.

"लिहून ठेवलंय," मी ऐटीत म्हणालो.

दर रविवारी आजीचा फोन झाला की मी तिचं बोलणं टिपून ठेवायचो, कधी मोबाइलवर, कधी लॅपटॉपवर. सगळ्या साध्या टेक्स्ट फायली, बाराशेच्या आसपास. त्या मी ईमॅक्समध्ये चाळतो. त्यातल्या डेफ्टमध्ये शब्द टाइप करत गेलं की तो नसलेल्या फायली गळत जातात. (अ‍ॅप बंद पडून नोट्स गमावलेल्या मित्रांना मी यावर बरीच लेक्चरं दिली आहेत.)

'झऱ्या' टाकलं. शून्य. 'कोयना' टाकलं, तर कॉलेजातल्या वीजनिर्मितीच्या नोट्स. बाबा "असू दे" म्हणून झोपायला गेले. ते "असू दे" फार लागलं.

तिसऱ्या रात्री 'झरा' टाइप करत होतो. 'झर'पर्यंत एक फाइल दिसली आणि काना देताच गायब झाली. काना खोडला, फाइल परत आली. आत आजीचं वाक्य होतं आणि त्यात 'झऱ्यावर' हा शब्द, मी शोधला होता अगदी तसाच.

म्हणजे दिसायला तसाच. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्त्याचा वेगळा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. माझा लॅपटॉप पहिला प्रकार लिहीत होता, मोबाइल दुसरा. चार वर्षं मी 'वाऱ्या', 'बिचाऱ्या' शोधत होतो आणि अर्ध्याच नोंदी बघत होतो. आता शोधताना दोन्ही रूपं चालतील असा नमुना देतो.

सकाळी बाबांना वाचून दाखवलं: "बायजीच्या झऱ्यावर पहाटे गेलं की पाणी कोमट लागायचं."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बायजी नाही रे, बायजा. तू चुकीचं ऐकलंयस."

मी खाली 'बायजा'ही लिहिलं. 'बायजी' खोडलं नाही.