आईची पाचवी गोष्ट

तुमच्या घरी पाहुणे आले की आई-वडील ठरावीक गोष्टी सांगतात का हो? आमच्या आईच्या चार गोष्टी ठरलेल्या आहेत.

पहिली, १९७८ साली लग्न होऊन ती विट्याहून बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आली आणि कन्नड येत नसल्यामुळे रसेल मार्केटात बोटं दाखवून भाव करत भाजी घेतली, ती. दुसरी, अण्णांच्या भट्टीतली मूस फुटून सोनं जमिनीवर सांडलं आणि सगळ्यांनी रात्रभर बसून जमीन खरवडली, ती. तिसरी, माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या रात्री रिक्षा मिळेना, ती. आणि चौथी, माझ्या लग्नाच्या मांडवात म्हैस शिरली, ती.

मी आणि भाऊ या चार गोष्टींना ‘आईचे ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणतो. हे नाव कुठून आलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमचे अण्णा गलाईचं काम करायचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. जुने दागिने, इतकंच काय, सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा आटवायची आणि त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. खाली भट्टी आणि वर एका खोलीत आम्ही. कधी ना कधी गावी परत जायचंय, पोरांना मराठी लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं अशा घरांमधून नेहमी बोललं जायचं. म्हणून १९८८ साली, मी आठ वर्षांची असताना, मला विट्याला आजीकडे शाळेत घातलं. चार वर्षांचा भाऊ मात्र आई-अण्णांजवळच राहिला.

दहावी करून १९९६ साली मी परत आले, तेव्हा स्वतःच्या घरात पाहुणी झाले होते. भाऊ बारा वर्षांचा. त्याच्या मराठीत कन्नड, तमिळ, दखनी सगळं मिसळलेलं. माझं विट्याचं मराठी ऐकून तो हसायचा. आम्हा दोघांना बोलायला विषयच नव्हता.

एका दुपारी त्याने मला एक कॅसेट ऐकवली. शेजारच्या मोठ्या मुलाने भरून दिलेली. पट्टीवर बॉलपेनने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘क्वीन, ग्रेटेस्ट हिट्स’. मला शब्द कळले नाहीत, पण ‘वी विल रॉक यू’ सुरू झालं आणि मी मांडीवर ठेका धरला. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. हा तर लेझमीच्या तालमीतला ठेका! भावाला मी लेझमीचे हात करून दाखवले. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, माझ्यावर नाही.

पुढे तो रॉकचा पक्का भक्त झाला. २००७ साली आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर आले, तेव्हा तीन दिवस त्याचा आवाज बसला होता. त्याचे मित्र म्हणायचे, “ग्रेटेस्ट हिट्स ऐकणारे खरे रसिक नव्हेत, मूळ अल्बम ऐकावेत.” असेलही. पण हा संग्रह १९८१ साली निघाला आणि ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच आहे. २०२२ साली तिथे त्याच्या सत्तर लाख प्रती पार झाल्या. म्हणजे आमच्यासारखे बरेच आहेत!

आणि हा संग्रह घरातल्या सगळ्यांना पुरतो, कारण क्वीनमधले चौघेही गाणी लिहायचे. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बास वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. लेझमीचा ठेकावालं गिटारवादक ब्रायन मेचं. या ब्रायनने शाळेच्या वयात वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. हे अण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, “म्हंजे आपल्यातलाच की. भंगारातनं सोनं काढणारा.” तेवढ्यावर त्यांनी क्वीनला पास करून टाकलं.

आईला मात्र ते सगळं ‘आरडाओरडा’. अण्णा गेले, भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, तरी तिचं मत बदललं नाही. गेल्या सप्टेंबरपर्यंत.

शिवाजीनगरात ८ सप्टेंबरला सेंट मेरी बॅसिलिकाचा उत्सव असतो, हे तुमच्यापैकी बेंगळुरूकरांना ठाऊक आहेच. त्याआधीचे नऊ दिवस प्रार्थना चालतात. भगवे कपडे घातलेले भाविक लांबून येतात. उत्सवाच्या संध्याकाळी रथ निघतो आणि रस्ते तुडुंब भरतात. मी आईला भेटायला आले होते. बसपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं, म्हणून मुक्काम केला.

जेवणं झाली. आईला झोप येईना, बाहेर गर्दीचा आवाज. मी मोबाइलवर तोच संग्रह लावला. कॅसेट कधीच गुंता होऊन गेली, पण गाण्यांचा क्रम मला पाठ आहे. पहिलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’. त्यात मध्येच ‘बिस्मिल्ला’ असा शब्द येतो. आईने मान वर केली. शिवाजीनगरात पंचेचाळीसहून जास्त वर्षं काढलेल्या बाईला तो शब्द बरोबर ऐकू येणार.

“हा कोण मुसलमान हाय?” तिने विचारलं.

“नाही, पारशी. फारुख बलसारा नाव. जगाला फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत.” आणि मग मी तिला मला ठाऊक असलेली गोष्ट सांगितली. जन्म १९४६ सालचा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील तिथे सरकारी नोकरीत. मुलगा आठ वर्षांचा झाला, तेव्हा आई-वडिलांनी त्याला शिकायला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ‘फ्रेडी’ हे नावही तिथलंच.

शाळेत असताना आमची सहल पाचगणीला गेली होती. टेबल लँडवर घोडे पाहिले, स्ट्रॉबेरी खाल्ली. हा माणूस इथे लहानाचा मोठा झाला, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर! मी हे आईला हसत सांगत होते. आई हसली नाही.

“आठ वर्साचं पोर? कसं धाडलं?”

“बोटीने. समुद्रातून मुंबईला.”

आई बराच वेळ गप्प बसली. मोबाइल चालूच होता. ‘समबडी टू लव्ह’ लागलं. थकलेल्या माणसाने देवालाच जाब विचारावा, तसं ते गाणं आहे. फ्रेडी, ब्रायन आणि ड्रम वाजवणारा रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून त्यात अख्खा गायकवृंद उभा केलाय. बाहेर बॅसिलिकाच्या बाजूने भजनांचे सूर येत होते, ते त्यात मिसळून गेले.

मग आई म्हणाली, “तुला दरसाली मे महिन्यात फ्रॉक आणायचे, आठवतंय?”

आठवणार नाही कसं? दर उन्हाळ्यात आई विट्याला यायची आणि इथून दोन फ्रॉक आणायची. दर वर्षी ते मला आखूड व्हायचे. आजी खाली पट्टी लावायची, दुसऱ्या रंगाची. मैत्रिणी हसायच्या. हिला माझं मापसुद्धा माहीत नाही, असं मी मनात धरून बसले होते. आठ वर्षं धरलं. खरं सांगू का, त्यानंतरही धरलंच.

“खालच्या घरातली पोरगी तुझ्याच वयाची हुती. दुकानात तिला उभी करून माप घ्यायची मी. तू तिच्याएवढीच असशील, असं वाटायचं. तू उंच झालेली मला कळायचंच न्हाई गं.”

मी विचारलं. छत्तीस वर्षं विचारलं नव्हतं, ते विचारलं, “मग मलाच का पाठवलं? त्याला का नाही?”

“मागनं त्यालाबी पाठवायचं ठरलं हुतं. तुला सोडून आले आणि माझी छातीच झाली न्हाई.”

हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. म्हणजे मला पाठवून ती शिकली, आणि त्याचा फायदा भावाला झाला. पण तिने काही लपवलं नाही, सारवासारव केली नाही. मी तिचा हात धरून बसले, एवढंच.

एक गंमत सांगते. या संग्रहातली गाणी काळाच्या क्रमाने नाहीत. क्वीनचं इंग्लंडमधलं पहिलं गाजलेलं गाणं १९७४ सालचं, ‘सेव्हन सीज ऑफ राय’. ते सतरा गाण्यांमध्ये पंधरावं येतं. आणि पाचगणीबद्दल तर त्यात काहीच नाही. फ्रेडी आपल्या लहानपणाबद्दल फारसं बोलायचाच नाही. त्यांच्या संग्रहाचा दुसरा भाग १९९१ च्या ऑक्टोबरअखेरीस निघाला आणि महिन्याच्या आत, २४ नोव्हेंबरला तो गेला. आता विचारायची सोय नाही.

गाजलेली गाणी निवडायची म्हणजे काहीतरी बाहेर राहणारच. आईच्या चार गोष्टीही अशाच निवडलेल्या होत्या, हसू येणाऱ्या. विट्याला मला सोडून ती एकटी परत आली, ती गोष्ट पाहुण्यांसमोर सांगण्यासारखी नव्हती. म्हणून ती आम्हालाही कधी ऐकू आली नाही.

तुमच्या घरीही आजी, आजोबा, आई, बाबा त्यांच्या ठरलेल्या गोष्टी सांगत असतील. “हे ऐकलंय आम्ही,” असं म्हणून उठू नका. ती संपू द्या आणि विचारा, “मग पुढे काय झालं?” गाणं कुठलंही लावा, लताबाईंचं लावा, भीमसेनांचं लावा, हवं तर क्वीन लावा.

त्या रात्री शेवटचं गाणं संपलं, तेव्हा आई अर्धवट झोपेत होती. मी मोबाइल बंद करायला गेले, तर म्हणाली, “त्या पोराच्या आईला किती जड गेलं आसंल.”

मग थोड्या वेळाने, “परत लाव. तो देवाशी भांडतोय ते.”