अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र

२०२३च्या जुलैत आमच्या गाडीच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला आणि पुढे दोन महिने तो घरातल्या एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून राहिला. निवृत्तीनंतर आम्ही उभयता कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड येथे मुलीकडे राहतो. गाडी २००६ सालची, जपानी. मुलीने नवी घेतली तेव्हा ही आमच्याकडे आली. वारसा आमच्याकडे असा खालून वर वाहत येतो. चालवायचे आम्ही, आणि मागे पत्नी बसायची, कारण नातू लहान मुलांच्या खुर्चीत मागे बांधलेला असतो आणि त्याला शेजारी कोणी लागते. ही बैठकव्यवस्था पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जावयाने त्याच्याकडचे यंत्र गाडीला जोडून पाहिले. उत्तर आले : पी-०४५६. इंधनाच्या वाफा कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेत अतिसूक्ष्म गळती. 'अतिसूक्ष्म' हा शब्द ऐकून आम्ही निर्धास्त झालो. मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालवूनही एका विशेषणाला आपण किती सहज फसतो!

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असते. एके काळी टाकीतून निघणारी ही वाफ सरळ हवेत जाई. १९७०च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने, आणि पुढच्या वर्षी साऱ्या अमेरिकेने, ती कोळशाच्या डब्यात शोषून ठेवून इंजिन चालू असताना जाळण्याची सक्ती केली. त्यामागे एका नाकाची गोष्ट आहे. आमच्या गावापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर पॅसाडिना येथे आरी हागेन-स्मिट नावाचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. अननसाला अननसाचा वास कशाने येतो, याचा ते अभ्यास करीत. लॉस एंजेलिसच्या हवेला तोच न्याय लावून १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवले, की डोळे झोंबवणारे ते धुरके गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या हायड्रोकार्बनांवर, नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या संगतीत, ऊन पडून तयार होते. समुद्रावरचा वारा ते सारे पूर्वेकडे, म्हणजे आमच्या अंगणात आणून टाकतो. उन्हाळ्यात काही दिवस नातवाच्या शाळेत मुलांना मैदानावर सोडत नाहीत.

ही गळती गाडी स्वतः शोधते, आणि शोधण्याची तिची रीत आम्हांला फार आवडली. गाडी बंद करून पाच तास लोटले, की घरात निजानीज झाल्यावर कोळशाच्या डब्याजवळचा एक चिमुकला पंप जागा होतो. तो आधी एका मुद्दाम पाडून ठेवलेल्या छिद्रातून हवा ओढतो. छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे. एवढ्या छिद्राने किती पोकळी तयार होते त्याची नोंद घेऊन मग तो टाकी आणि तिच्या नळ्या ओढून पाहतो. पोकळी त्या मापाला पोहोचली नाही, तर दुसरीकडे कोठे तरी त्याहून मोठे छिद्र आहे. म्हणजे दोष ओळखण्यासाठी गाडी स्वतःजवळ एक प्रमाणित दोष बाळगते. लागोपाठ दोनदा नापास झाली, तरच दिवा लागतो.

मात्र 'कोठे तरी' याच्यापुढे तो आकडा एक अक्षर बोलत नाही. आम्ही प्रथम टाकीचे झाकण बदलले, कारण सगळे तेच सांगतात. दिवा परत आला. एका गॅरेजात आकडा वाचून, गाडीखाली न वाकताच, कोळशाचा डबा बदलायला सांगितले. खर्च नऊशे डॉलर. डब्यानेही नाही भागले तर एक व्हॉल्व्ह बदलू, म्हणाले. भ्रष्ट पाठ दिसला की पोथी न पाहता मनानेच शब्द दुरुस्त करणारे संपादक आम्ही पाहिले आहेत. असो.

दरम्यान नोंदणीच्या नूतनीकरणासाठी धूरतपासणीची तारीख आली. दिवा लागलेला असला तर गाडी नापास. आणि येथे आम्ही जे केले ते लिहिणे भाग आहे. यंत्राने आकडा पुसून टाकला की दिवा विझतो, आणि गाडीच्या सगळ्या आत्मपरीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण झाल्याशिवाय तपासणी होत नाही. परंतु २००० सालानंतरच्या पेट्रोल गाड्यांना इथल्या नियमाने एक सवलत आहे : वाफेची तेवढी परीक्षा अपुरी असली तरी चालते. आणि आमच्या गाडीत टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली असेल तर ती परीक्षा होतच नाही. कोणीतरी हे आम्हांला सांगितले. नंतरचे आठ दिवस आम्ही रोज संध्याकाळी पंपावर जाऊन चार-पाच लिटर पेट्रोल भरीत होतो. नवव्या दिवशी प्रमाणपत्र मिळाले. त्यात खोटे असे एकही अक्षर नव्हते. आम्ही ते घडी करून पाकिटात ठेवले आणि जावयाला पेढे दिले.

त्या आठ दिवसांत पत्नी तीनदा म्हणाली, "अहो, मागे वास येतोय." पहिल्यांदा आम्ही म्हणालो, पंपावरून आलोय, हाताचा येत असेल. दुसऱ्यांदा म्हणालो, खिडकी उघड. तिसऱ्यांदा, नातवाने गाडीत ओकारी काढली त्या दिवशी, आम्ही जे म्हणालो ते येथे लिहीत नाही. तिला घरातला गॅसही रोज सुटलेला वाटतो, असा त्याचा मथितार्थ होता. त्यावर ती काही बोलली नाही आणि पुन्हा तिने वासाचा विषय काढला नाही.

टाकी भरणे थांबवल्यावर चौथ्या दिवशी दिवा लागला. आता कायद्याची कसलीच घाई नव्हती. पुढची तपासणी दोन वर्षांनी. तरीही आम्ही गाडी घेऊन एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, ते मुख्यतः तिच्या त्या न बोलण्यामुळे.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "वास येतो का? कोठे बसल्यावर?" आम्ही पत्नीकडे पाहिले. तिने मागच्या आसनाकडे बोट केले. "कधी जास्त येतो?" "टाकी भरली की," ती म्हणाली. हे तिने आम्हांलाही सांगितले असते, आम्ही विचारले असते तर. वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आमचे ठरलेले वाक्य असे, की लिपिकाला दोष देण्याआधी वाचकाने आपले वाचन तपासावे. टाचणे अजून ट्रंकेत आहेत.

मग त्याने धुराचे यंत्र आणले. खनिज तेल तापवून त्याचा पांढरा धूर अगदी हलक्या दाबाने नळ्यांत सोडायचा, तोही नायट्रोजनबरोबर, कारण पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणे धोक्याचे. हवेची तोंडे बंद केली. काचेच्या नळीतली गोळी खाली बसायला हवी होती. ती किंचित तरंगत राहिली. इंजिनाजवळ काही नाही, गाडीखाली काही नाही. पंधरा मिनिटे गेली. मग त्याने मागचे आसन उपसून काढले, त्याखालची पत्र्याची चकती उघडली आणि विजेरी आडवी धरली. टाकीच्या माथ्यावर, इंधनपंपाच्या बैठकीपाशी, उदबत्तीच्या शेवटच्या टोकाला असते तशी धुराची एक रेघ वर येत होती.

पंपाखालचे रबरी कडे एका जागी चेपले होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पंप बदलून घेतला तेव्हा जुनेच कडे परत बसवले गेले असावे. टाकी भरली, की वळणावर पेट्रोल तेथवर उसळे. म्हणजे प्रमाणपत्रासाठी आम्ही रोज जे ओतत होतो, ते नातवाच्या आसनाखाली येऊन उभे राहत होते.

कड्याला अकरा डॉलर पडले, मजुरी वेगळी. त्यानंतर आम्ही टाकी अर्धी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लावून पाहिले : वाफेची परीक्षा पूर्ण, दोष नाही. आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवले. पत्नी मागे बसली, दार लावून घेतले, क्षणभर डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"येतोय का गं?" आम्ही विचारले.

"निघा आता," ती म्हणाली, "त्याची शाळा भरेल."