राहून गेलेले उत्तर

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. एम ८७ या दीर्घिकेचे छायाचित्र मी वर्गात दाखवीत होतो. तिच्या केंद्रातून निघालेला सरळ झोत हेबर कर्टिस यांनी १९१८ साली प्रथम नोंदविला.

एका मुलाने विचारले, “गुरुजी, कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग हा झोत कसा सुटला?”

‘ठाऊक नाही’ म्हणण्याची मला लाज वाटली. मी त्याला दटावून खाली बसविले.

पुढे वाचनात आले, की झोत विवराच्या आतून येतच नाही. भोवती गरगरणाऱ्या तप्त वायूतील काही कण आत पडण्यापूर्वीच चुंबकीय बलाने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, बाहेर फेकले जातात. त्यांच्यापासूनच गॅमा किरणही उत्पन्न होतात.

तेथील प्रकाश सुमारे साडेपाच कोटी वर्षे चालून आपल्यापर्यंत पोहोचतो. माझे उत्तर मात्र शेवटच्या बाकापर्यंतही पोहोचले नाही. मुलांनो, ते आज तुमच्या हाती देत आहे.