चार बोटांची ढिलाई

गेल्या श्रावणात आमच्या घरात एक ठराव एकमताने पास झाला. आप्पांनी यापुढे मोटार चालवू नये! आप्पांचे वय ८१. मोटार १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. दोघांचाही मुक्काम अंबरनाथ पश्चिमेला, एकाच छपराखाली. कल्याण-बदलापूर रस्त्यावर ती नागमोडी जाऊ लागली, तेव्हा "आप्पांचे हात थरथरतात" असे निदान मंडळींनी परस्पर करून टाकले. किल्ली मागून घेण्याची अप्रिय कामगिरी अर्थातच थोरल्या चिरंजीवांवर, म्हणजे माझ्यावर आली.

त्यापूर्वी मी गाडी एकदा विम्को नाक्यापर्यंत नेऊन आणली, आणि खजील झालो. माझ्या हातीही ती तशीच भरकटत होती! स्टिअरिंग चार बोटे फिरवावे, तेव्हा कुठे पुढच्या चाकांना वर्दी पोहोचायची.

मग मोठ्या शहाणपणाने मी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळायला बसलो. आप्पा जन्मभर ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर उभे राहिलेले. ते खुर्चीतूनच म्हणाले, "थांब. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून आतला वर्म मधोमध झिजतो. ती फट बुजवायला स्क्रू पिळलास, तर वळणावर, जिथं झीज नाही, तिथं दाते आवळतील. वळवलेलं स्टिअरिंग मग सरळ परतायचं नाही. फिरणाऱ्या वस्तूला केसभर फट लागतेच. आधी ढिलाई कुठं आहे ते शोध."

मिस्त्री आले. चाके जमिनीवर ठेवूनच मी आत बसून स्टिअरिंग थोडेथोडे हलवू लागलो, आणि ते खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवीत गेले. टाय रॉडचे दोन एंड खुळखुळत होते. आयडलर आर्मचा बुशही झिजला होता. बॉक्स बिचारा निर्दोष! सुट्या भागांसाठी मुंबईला दोन खेपा घालाव्या लागल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या. त्यांच्याबरोबर या मालाचे गिऱ्हाईकही गेले. भाग बदलून चाकांची अलाइनमेंट झाली, आणि गाडी सुतासारखी सरळ चालू लागली.

मला मात्र रात्री झोप येईना. आम्ही ज्या हातांवर ठपका ठेवला, तेच हात ही चार बोटांची ढिलाई कित्येक दिवस मुकाट्याने सावरीत होते. आम्ही मात्र एकदाही गाडीखाली वाकून पाहिले नव्हते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. आप्पा एकटेच विम्को नाक्यापर्यंत जाऊन आले. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवीत म्हणाले, "आता सरळ जाते. संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी माझे डोळे दिपतात रे. उद्यापासून तू ने."

श्रावणात पाठ केलेले माझे भाषण तसेच राहिले. मी किल्ली खिशात घातली आणि वाकून नमस्कार केला.